चार भोकांचं काम

आमच्याकडे किस्से गोळा करावे लागत नाहीत. कूलरच्या वाळ्याच्या ताटीवर खाऱ्या पाण्याचा पांढरा थर चढतो ना, तसे ते आपोआप चढतात. एका उन्हाळ्यात खरवडून काढा, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेवढाच! फरक इतकाच की पूर्वी आम्ही किस्सा सांगून हसायचो. आता सांगतो आणि पंख्याकडे बघत बसतो.

आमचा अड्डा म्हणजे अमरावतीत मनोहरचं गॅरेज. गॅरेज म्हणायचं आपलं, शटर आहे म्हणून. गाडी त्यात कधी आलीच नाही. मनोहर गणिताचा मास्तर, आता रिटायर. कोणती गाडी घ्यावी याचा त्याने इतका अभ्यास केला, इतका अभ्यास केला, की गाडी चालवायचं वयच निघून गेलं! मग त्या जागेत चार खुर्च्या पडल्या आणि आम्ही येऊन बसलो. मनोहर, मी, दर रविवारी अकोल्याहून येणारा गजू आणि चांदूर बाजारकडचा संत्र्याचा बागवाला दिगूभाऊ. चौघंही एकाच होस्टेलचे, एकाच मेसचं पाणचट वरण पिऊन मोठे झालेले.

हे सगळे किस्से बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिल मशीनचे आहेत. स्वस्तातली घ्यावी की भारीतली, एवढाच प्रश्न. वाटतो किरकोळ. ऐका.

*

मार्चमध्ये सुमनवहिनी, म्हणजे मनोहरची बायको, बाथरूममध्ये घसरल्या. मुका मार लागला, हाड वाचलं. डॉक्टर म्हणाले, "हाडं ठिसूळ झालीत त्यांची. या वेळी निभावलं, पुढच्या वेळी निभावेलच असं नाही. बाथरूमच्या भिंतीला धरायला एक हँडल लावून घ्या. लगेच."

त्याच दिवशी हँडल आलं. चांगलं जाड स्टीलचं. दुकानदार म्हणाला, "मिस्त्री पाठवू का सर? चार भोकं पाडाचं तर काम हाय."

मनोहरने हात जोडले. मागे गीझर लावायला आलेल्या मिस्त्रीने टाइल फोडून ठेवली होती, ते एक कारण. खरं कारण त्याने गॅरेजमध्ये सांगितलं. "अबे, सारी जिंदगी तिनं हे घर चालवलं. मी एक खिळा नाही ठोकला. हे एक काम मी माह्या हातानं करीन."

आम्हाला गहिवरून आलं. तिथेच घात झाला!

मग मापं. वहिनींना बाथरूममध्ये उभं केलं. मनोहर हातात मार्कर घेऊन तयार.

"डोये मिट. आता समज, तू पडली. कुठी धरशीन?"

"पडल्यावर काहून धरू? पडाच्या आंधी धरीन ना!"

तरी बिचाऱ्यांनी हात पुढे केला. तो जिथे भिंतीला टेकला, तिथे मनोहरने लेव्हल लावून चार टिपके काढले. आम्ही आत जाऊन एकेक करून पाहून आलो. इतके नेमके टिपके मी आयुष्यात पाहिले नाहीत. पुढे कितीतरी महिने त्या भिंतीवर तेवढेच होते.

*

पहिली मशीन गजूची. अकोल्याच्या कुठल्याशा सेलमधून त्याने उचललेली. सोबत एवढा मोठा डबा, डब्यात भोकं पाडायचे नाना तऱ्हेचे बिट, एक टॉर्च, एक टेप आणि एक फुकट टोपी! "भारीवाल्या एकाच्या पैशात अशा पाच-सहा येतात," गजू म्हणाला. "एक बिघडली तर फेक, दुसरी घे."

गॅरेजमध्ये आधी ट्रायल झाली. स्टुलाला भोक पाडलं. झकास! प्लायवूडला पाडलं. झकास! मग चेवच चढला. जुना पाट, तुटकं फळीचं दार, दिगूभाऊने आणलेली संत्र्याची पेटी. लाकडाचं जे जे दिसेल त्याला भोक! संध्याकाळी वहिनी चहा घेऊन आल्या आणि स्टुलावर ट्रे ठेवून म्हणाल्या, "चाळणी कोणी केली याची?"

मग वाजतगाजत बाथरूममध्ये गेलो. मनोहरने टिपक्यावर सेलोटेप लावला, बिट टेकवला आणि बटण दाबलं. मशीन घुर्रर्र करून फिरली. फिरली, फिरली, फिरतच राहिली. बिट तापून निळा झाला, त्याचं टोक बोथट झालं. टेप काढून बघतो तर टाइलवर फक्त एक चकचकीत ठिपका.

दिगूभाऊ चष्मा वर करून जवळ गेला. "अबे गजू, हे मशीन भोक पाडून राहिली का फरशीले गुदगुल्या करून राहिली?"

आम्ही हसलो. वहिनीपण हसल्या. हसता हसता त्यांनी नळाचा आधार घेतला, ते मी पाहिलं.

*

मे महिना आला. आमच्याकडचा मे तुम्हाला माहीत नसेल तर सांगण्यात अर्थ नाही, आणि माहीत असेल तर सांगायची गरज नाही.

गजू म्हणाला, बिट चुकीचा होता, चांगला बिट लावू. चांगला बिट आणला. आता बॅटरी चार्ज होईना! चार्जरवर लाल दिवा लुकलुकतोय, बास. मनोहरने माहितीपत्रक वाचलं. बारीक अक्षरात लिहिलेलं, फार उष्ण जागी बॅटरी चार्ज होणार नाही.

"फार उष्ण म्हणजे?"

"म्हणजे आपलं गॅरेज."

"अन् घर?"

"घरपण."

"मंग काय चिखलदऱ्याले नेऊन चार्ज कराची का?" दिगूभाऊ तडकला.

बॅटरी कूलरसमोर ठेवली. कूलरने तिच्यावर पाणी उडवलं. पुसून, कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवली, ताकाच्या गंजाशेजारी, म्हणजे पातेल्याशेजारी. थंड झाली की काढायची, चार्जरला लावायची, ती तापली की परत फ्रीज. दिवसभर मनोहर गॅरेज ते स्वयंपाकघर फेऱ्या मारतोय आणि हातात ते गुंडाळलेलं गाठोडं! शेवटी वहिनींनीच ते फ्रीजमधून काढून आणून टेबलावर ठेवलं.

"भाऊजी, तुमाले ताक देतो. तुमच्या मशीनले पण देऊ का थोडं?"

ताक फार छान होतं. भोक पडलं नाही.

*

मधल्या काळात तात्पुरता इलाज म्हणून गजूने आणखी एक वस्तू आणली. भिंतीला चिकटणारं हँडल. रबराच्या वाट्या असतात, दाबल्या की हवा निघते आणि घट्ट बसते. भोक नको, मशीन नको, काहीच नको!

लावलं. ओढून पाहिलं. बसलं की हो! आम्हाला इतका आनंद झाला की शिरा झाला. वहिनींनी त्यावर टॉवेल टाकला आणि आम्ही गॅरेजमध्ये येऊन शिरा खायला बसलो.

आतून धाडकन आवाज आला. मनोहर वाटी टाकून पळाला.

वहिनी स्वयंपाकघरातच होत्या. बाथरूममध्ये हँडल खाली पडलेलं, टॉवेल पाण्यात. वहिनी म्हणाल्या, "टॉवेलाचंच वजन नाही पेललं त्याले. माहं काय पेलते?"

शिरा तसाच राहिला.

*

त्यानंतर मीटिंग भरली. गजूची अक्कल अशी की प्रत्येकाने एकेक मशीन घ्यायची, सगळ्यांनी सगळ्यांची वापरायची. एक बॅटरी सगळ्यांना चालते म्हणे! जाहिरातीत तसंच दाखवतात. एकच बॅटरी ड्रिलला, करवतीला, हवा मारायच्या यंत्राला.

महिन्याभराने जो तो आपली वस्तू घेऊन गॅरेजमध्ये हजर. गजूचं ते हिरवं ड्रिल होतंच. दिगूभाऊने संत्र्याच्या फांद्या छाटायला लाल करवत घेतली. मी कूलरमधली धूळ उडवायला निळा ब्लोअर घेतला. हिरव्याची बॅटरी लालला लागेना, लालची निळ्याला लागेना. जाहिरातीतली बॅटरी चालते खरी, पण एकाच कंपनीच्या यंत्रांना! ही गोष्ट चार शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकालाही आधी सुचली नाही. प्रत्येकाने आपापल्या गावात, आपापल्या दुकानात, घासाघीस करून आपापला रंग आणला.

टेबलावर तीन चार्जर, तीन लाल दिवे. दिगूभाऊ म्हणाला, "एका घरात तीन चुली झाल्या बापा."

"अन् मनोहर, तू कोणती घेतली?" गजूने विचारलं.

मनोहरने चष्मा पुसला. "मी अजून अभ्यास करून राहिलो."

*

हा अभ्यास म्हणजे काय, तर मोबाइल. स्वस्त आणि भारी मशीनच्या तुलनेचे व्हिडिओ. त्यात एक परदेशी माणूस असायचा. त्याचं गॅरेज आमच्या मनोहरच्या अख्ख्या घराएवढं. आत दोन गाड्या, शिवाय बोट! तो एका हातात स्वस्तातली आणि दुसऱ्या हातात भारीतली मशीन घेऊन लाकडाच्या ओंडक्यात भोकं पाडायचा, घड्याळ लावून. मनोहर मान डोलवायचा, कागदावर आकडे लिहायचा. कोणाची ताकद जास्त, कोणाची बॅटरी जास्त टिकते, कोण पडल्यावर फुटतं. सगळं सगळं.

मी एकदा वैतागून म्हणालो, "अरे, त्याच्या घराच्या भिंती लाकडाच्या आहेत! तुझी वीट आहे, वर टाइल आहे. त्याच्या ओंडक्याचं तुला काय करायचंय?"

"तत्त्व समजून घ्यावं लागते," मनोहर म्हणाला.

वहिनी दारात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्याच्या बायकोले विचारा ना एखाद्या वेळी. तिच्या बाथरूमात लागलं का हँडल?"

*

श्रावणात नळ निघाला. इतके महिने वहिनी त्यालाच धरून उठत होत्या, तो किती दिवस दम धरणार? एका सकाळी तो त्यांच्या हातात आला आणि भिंतीतून पाण्याचा फवारा! नशिबाने मागे बादली पालथी होती, तिच्यावरच त्या बसल्या. पडल्या नाहीत. ओल्याचिंब, हातात नळ, तशाच बसून राहिल्या आणि मनोहरला हाका मारत राहिल्या.

मनोहरला ऐकू आलं नाही. त्याच्या कानात हेडफोन होते. काय चाललं होतं, ते मी सांगत नाही.

त्या रविवारी त्याने गॅरेजमध्ये येऊन हेडफोन टेबलावर टाकले. म्हणाला, "भारीवालीच घेतो बे आता. बस झालं." दिगूभाऊने त्याच्या पाठीवर हात ठेवला. गजू म्हणाला, "थांब, दसऱ्याले ऑफर असते."

आणि आम्ही थांबलो! नळवाला आला, नवा नळ लावून गेला. त्याच्याजवळ ड्रिल मशीन होती. भिंतीवरचे टिपके बघून त्याने विचारलंही, "सर, हे पाडून देऊ का?" मनोहर म्हणाला, "नाही, ते माहं काम हाय."

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मशीन आली. काय सांगू तुम्हाला! काळी पेटी, आत मखमलीसारखा फोम, त्यात मशीन पहुडलेली. हातात घेतली तर असं वाटलं की आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी खरं हातात आलंय. दोन बॅटऱ्या. पटकन चार्ज झाल्या, हिरवा दिवा. गजूचा चेहरा पडला. त्याने आपली टोपी काढून खिशात ठेवली.

"लाव रे मग," मी म्हणालो. "भिंत इथेच आहे."

"उद्या दसरा," मनोहर म्हणाला. "पूजा झाल्याबिगर नव्या हत्याराले हात कसा लावाचा?"

बरोबरच होतं. कोणीच हरकत घेतली नाही. दिगूभाऊकडे तर विळासुद्धा पूजेशिवाय शेतात जात नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे हजर. गॅरेज झाडून, रांगोळी घालून, पाटावर मशीन मांडलेली. बाजूला गजूची हिरवी, दिगूभाऊची लाल, माझी निळी, मनोहरची जुनी कंपासपेटी. वहिनींनी स्वतः पूजा केली. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, झेंडूची माळ घातली, आपट्याचं पान ठेवलं. उठताना त्यांना दोघांनी हात दिला.

मनोहरने बाह्या सरसावल्या. "चला, लावून टाकू आता."

"अवो, थांबा," वहिनी म्हणाल्या. "आत्ता तर पूजा झाली. पूजेतलं हत्यार आज उचलाचं नसते. आज तिले आराम. उद्या लावजा."

"वयनी बराबर बोलून राहिल्या," दिगूभाऊ म्हणाला. "म्या पण आज ट्रॅक्टर नाही काढला."

मग पुरणपोळी जेवलो. संध्याकाळी सोनं द्यायला-घ्यायला माणसांची ये-जा सुरू झाली. कोणीतरी आलं म्हणून वहिनी घाईने पाय धुवायला आत गेल्या.

या वेळचा आवाज हँडलचा नव्हता.

*

हॉस्पिटलच्या बाकावर आम्ही चौघं. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन चालू होतं. शेवटी गजूला राहवलं नाही. तो म्हणाला, "मनोहर, माही चूक हाय. मीच म्हटलं होतं, दसऱ्याले घे म्हणून."

मनोहर समोरच्या भिंतीकडे बघत होता. त्या भिंतीला, हॉस्पिटलच्या सगळ्याच भिंतींना असतो तसा, इथून तिथपर्यंत धरायचा पाइप लावलेला.

"दोन्ही बॅटऱ्या फुल चार्ज होत्या बे," तो म्हणाला. एवढंच.

*

वहिनी घरी यायच्या आदल्या दिवशी हँडल लागलं. मी तिथे होतो म्हणून सांगतो. मनोहरने मशीनवरची सुकलेली माळ काढली, कुंकू पुसलं नाही. टिपक्यावर टेप लावला. आधी टाइल हळूहळू कोरली, मग मशीन जोरावर टाकून आतली वीट. पहिलं भोक पडलं. दुसरं पडलं. टाइलला साधी चीर नाही. मी गॅसवर चहाचं आधण ठेवून आलो होतो, ते उकळायच्या आत चारही भोकं पडून स्क्रू आवळून झाले!

मनोहर तिथेच ओल्या फरशीवर बसला.

"एवढंच होतं?" तो म्हणाला. "एवढंच होतं का बे हे?" आणि रडायला लागला. सत्तरीला टेकलेला माणूस, मांडीवर ती भारीतली मशीन घेऊन, पोरासारखा रडत होता. मला त्याचा राग आला, माझा आला, त्या मशीनचा तर इतका आला की खिडकीतून फेकून द्यावीशी वाटली. मी चहा आणून त्याच्याजवळ ठेवला आणि बाहेर गेलो.

संध्याकाळी दिगूभाऊ आला. आमच्यात सगळ्यात वजनदार तोच. त्याने दोन्ही हातांनी हँडल धरलं, पाय वर घेतले आणि लोंबकळला. ढिम्म हललं नाही. खाली उतरून तो म्हणाला, "बैल गेला अन्..." आणि तिथेच थांबून हात धुवायला लागला.

*

वहिनी आल्या. डॉक्टरांनी सांगून पाठवलं होतं की उभं राहून आंघोळ आता बंद. उठणं-बसणं माणसाच्या आधाराने, आणि आंघोळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून. कधीपर्यंत, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मनोहरने विचारलं नाही.

घरी आल्या आल्या त्या म्हणाल्या, "दाखवा तरी, काय लावलं ते." मनोहर आणि गजूने त्यांना धरून बाथरूममध्ये नेलं, खुर्चीवर बसवलं. मी आणि दिगूभाऊ दारात.

"पाह्य," मनोहर म्हणाला. "तुह्याच खुणेवर लावलं. एक दोरा इकडं नाही का तिकडं नाही."

वहिनींनी वर पाहिलं. हँडल चकाकत होतं. त्यांनी हात वर केला. बोटं ताणली. खांदा उचलून पुन्हा ताणली. बोटं आणि हँडल यांच्यामध्ये वीतभर टाइल उरली.

मनोहर त्या वीतभर टाइलकडे बघत उभा. त्याच्या नखांत अजून विटेची लाल पूड अडकलेली.

वहिनींनी हात खाली घेतला. खांद्यावरचा टॉवेल काढून मनोहरच्या हातात दिला.

"टाका त्याच्यावर."

मनोहरने टाकला. वहिनी बराच वेळ वर बघत राहिल्या. मग मान हलवून म्हणाल्या,

"लय मजबूत बसलं हो. आता टॉवेल पडाचा नाही."